भंगारातला जुना पाना ओळखायचा कसा

जुन्या बाजारात पाना हातात आला की नवीन माणूस आधी कंपनीचं नाव शोधतो आणि तिथेच चुकतो. नाव घासून गेलेलं असतं, कधी मुळात नसतंच, आणि कधी असतं ते भलत्यानेच मारलेलं असतं. त्यामुळे माझा क्रम उलटा आहे. आधी तोंड मोजायचं, मग आकडा वाचायचा, मग शिक्के, मग धातू नि पॉलिश, आणि नाव सगळ्यात शेवटी. कारण पाना कुठल्यातरी मशीनसाठी बनलेला असतो आणि ते मशीन कुठलं हे त्याचं तोंडच सांगतं. एकदा मशीन कळलं की देश नि काळ बऱ्यापैकी आपोआप कळतो. हा लेख मुख्यतः पान्यांबद्दल आहे, मध्ये मध्ये पकडी, गोट्या (सॉकेट) वगैरे येतील, सुतारकामाची हत्यारं यात नाहीत, तो वेगळाच छंद आहे.

कुठे शोधायचं

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आणि खरं सांगायचं तर गावोगावची भंगाराची गोडाऊनं. आपल्याकडे इतकी इंग्लिश हत्यारं का निघतात हे समजून घेतलं तर शोधणं सोपं जातं. मुंबईच्या गिरण्यांमधली बरीचशी मशिनरी लँकेशायरहून आलेली, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव तर जुन्या गिरणी कामगारांना पाठ असायचं, आणि त्या मशीनचे नटबोल्ट इंग्लिश मापाचे, म्हणून फिटरचे पाने पण इंग्लिश. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि तिथला माल भंगारात आला. दुसरा झरा रेल्वेच्या वर्कशॉपचा, तिसरा लष्कराचा (पुण्याला खडकी, देहूरोड हा सगळा पट्टाच तसा), आणि चौथा शेतावरची जुनी डिझेल इंजिनं नि ट्रॅक्टर. मिरज, सांगली, कोल्हापूर भागात चौथ्या प्रकारचा माल जास्त दिसतो.

सगळ्यात चांगला माल मात्र बाजारात येतच नाही, तो रिटायर झालेल्या फिटरच्या घरी माळ्यावरच्या पेटीत असतो. अशा काकांकडे जाऊन नुसतं "काका, हा पाना कशाला वापरायचात?" एवढं विचारलं तरी पानाभर माहिती मिळते, आणि ती माहिती पान्याइतकीच मोलाची, लगेच लिहून ठेवा.

एक सावधगिरी. रेल्वेचा आत्ताचा शिक्का असलेलं चकचकीत हत्यार स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. १९६६ चा रेल्वे प्रॉपर्टीबद्दलचा कायदा आहे, चोरीची रेल्वे मालमत्ता बाळगणं हाच त्यात गुन्हा आहे. जुन्या, केव्हाच बंद झालेल्या रेल्वे कंपन्यांचे शिक्के असलेल्या मालाची गोष्ट वेगळी, पण तिथेही दुकानदाराकडून साधी पावती मागायला लाजू नका.

खिशात काय ठेवायचं

व्हर्नियर, डिजिटल असेल तर उत्तम, इंच आणि मिलिमीटर दोन्ही दाखवणारा. छोटा टॉर्च. खडू. जुना टूथब्रश, फडकं, आणि छोट्या बाटलीत डिझेल. लोहचुंबकाचा तुकडा पण ठेवा, कारण कधीकधी पिवळसर-तांबूस पाना दिसतो ज्याला चुंबक चिकटत नाही, तो ठिणगी न उडणाऱ्या मिश्रधातूचा असतो, पेट्रोलियम डेपो नि दारूगोळ्याच्या ठिकाणी वापरायचा. दुर्मिळ आहे, जरूर घ्या, पण त्याला कानस, सँडपेपर, ग्राइंडर काहीही लावू नका, कारण त्यात बेरिलियम असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

तोंड मोजणं

व्हर्नियरचे वरचे छोटे जबडे, आतलं माप घेणारे, ते पान्याच्या तोंडात घालायचे आणि तीन ठिकाणी मोजायचं: टोकाला, मध्ये, आणि अगदी आत मुळाशी. टोकाचं माप मुळापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त आलं तर पाना फाकलेला आहे, कुणीतरी त्यात पाईप घालून जोर लावलाय. मुळाशी जे माप येतं ते खरं धरायचं. आणि लक्षात ठेवा की पान्याचं तोंड नटापेक्षा थोडं सैल असतंच, त्यामुळे खाली दिलेल्या आकड्यांपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर जास्त आलं तर गोंधळू नका.

आता खरा घोळ. पान्यावर १/४ लिहिलंय म्हणून तोंड पाव इंचाचं असेल असं समजून मोजायला जावं तर तोंड निघतं १३.३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त! कारण हा व्हिटवर्थचा पाना. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं स्टँडर्ड मांडलं, ५५ अंशाचा आटा, आणि या पद्धतीत पान्यावर नटाचं माप लिहीत नाहीत, बोल्टची जाडी लिहितात. पाव इंची बोल्टवर जो नट बसतो त्याला लागणारा तो १/४ चा पाना. आपल्या फिटरला हे नवीन वाटत नाही, कारण आपणही "तीन सुती बोल्ट" म्हणतो तेव्हा जाडीच सांगतो, आठ सुतांचा एक इंच, म्हणजे तीन सूत म्हणजे ३/८. फक्त विक्रेता "तीन सुती पाना" म्हणाला तर बोल्ट तीन सुती की तोंड तीन सुती हे विचारून घ्या, दोन्ही अर्थाने बोलणारे आहेत.

व्हिटवर्थची मापं पाठ करा, बाजारात सारखी लागतात. ३/१६ चं तोंड ११.३ मिमी, १/४ चं १३.३, ५/१६ चं १५.२, ३/८ चं १८, ७/१६ चं २०.८ आणि १/२ चं २३.४.

मग १९०८ ला बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आलं, म्हणजे बारीक आट्याचं. त्यात बोल्टचं डोकं एक नंबर छोटं ठेवलं, त्यामुळे बीएसएफच्या ५/१६ बोल्टला तोच पाना लागतो जो जुन्या व्हिटवर्थच्या १/४ ला लागतो. म्हणून पुष्कळ पान्यांवर एकाच तोंडाला दोन आकडे दिसतात, १/४ च्या पुढे डब्ल्यू आणि ५/१६ च्या पुढे बीएस किंवा बीएसएफ. दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला व्हिटवर्थ बोल्टची डोकी पण एक नंबर छोटी करून टाकली, त्यामुळे हा दुहेरी आकड्यांचा प्रकार आणखी वाढला. एकेरी मोठा आकडा, नुसता १/४ आणि बाकी काही नाही, असं असेल आणि पाना जाडजूड, ओबडधोबड असेल तर तो जुना असण्याची शक्यता जास्त. शक्यता म्हणतोय, खात्री नाही, कारण शेतीच्या मशीनसाठी असे पाने नंतरही बनत राहिले.

एएफ (अक्रॉस फ्लॅट्स, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) मात्र सरळ आहे, जो आकडा तेच तोंड. १/२ एएफ म्हणजे १२.७ मिमी, ९/१६ म्हणजे १४.३, ५/८ म्हणजे १५.९, ३/४ म्हणजे १९.०५. अमेरिकन जीपला हे लागतात. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ मध्ये एकत्र आट्याचं स्टँडर्ड ठरवलं, त्यानंतर इंग्लिश गाड्याही हळूहळू एएफकडे वळल्या, म्हणून मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या आपल्या अँबॅसिडरला एएफचे पाने. इंग्लिश कंपनीचा पाना आणि त्यावर एएफ असं दिसलं तर बहुतेक वेळा १९५० नंतरचा धरायला हरकत नाही. बुलेटची गोष्ट उलटी, १९५५ पासून मद्रासला जुळायला लागली पण डिझाईन जुनं इंग्लिश, त्यामुळे जुन्या बुलेटवाल्या मेकॅनिककडे व्हिटवर्थचे पाने हमखास असायचे. फियाट आणि जर्मन मशिनरीला मिलिमीटरचे.

अमेरिकन पान्यावर १९/३२, २५/३२, ३१/३२ असली विचित्र मापं दिसली तर खूश व्हा, ही जुन्या अमेरिकन स्टँडर्ड नटांची मापं आहेत, नंतर ती मागे पडली. आणि काही जुन्या अमेरिकन पान्यांवर माप नसतंच, नुसता तीन आकडी मॉडेल नंबर असतो, तो माप समजून डोकं खाजवत बसू नका.

छोटे नाजूक पाने, ज्यांवर बीए (ब्रिटिश असोसिएशन) लिहिलेलं असतं, ते मॅग्नेटो, मीटर, इलेक्ट्रिकलच्या कामाचे. इथे आकडा वाढला की माप कमी होतं, ० बीए सगळ्यात मोठा, बोल्ट ६ मिमीचा, तोंड साडेदहाचं, २ बीए चं तोंड ८.२ आणि ४ बीए चं ६.३.

जवळपासची मापं फसवतात. १३ मिमी, १/२ एएफ आणि १/४ व्हिटवर्थ ही तिन्ही बोटाने चाचपून एकसारखी वाटतात पण अनुक्रमे १३, १२.७ आणि १३.३ आहेत. ३/८ व्हिटवर्थ आणि १८ मिमी जवळजवळ एकच. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे कानशीने घासून मोठं केलेलं तोंड, गॅरेजमध्ये माप नव्हतं म्हणून मेकॅनिकने स्वतःच वाढवलेलं. लिहिलेला आकडा आणि मोजलेलं माप यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक आणि तोंडाच्या आतल्या बाजूला कानशीच्या तिरप्या रेघा, म्हणजे हेच झालंय.

शिक्के वाचणं

घासलेली अक्षरं वाचायला आधी टूथब्रशने डिझेल लावून मळ काढा, पुसा, मग टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा धरा, जवळजवळ पान्याला टेकवून, म्हणजे खड्ड्यात सावली पडते नि अक्षर उठून दिसतं. नाही दिसलं तर खडू आडवा घासून वरचं बोटाने पुसा, खाचेत पांढरं राहतं. अक्षर उठावाचं असेल, म्हणजे वर आलेलं, तर खडूऐवजी कागद ठेवून पेन्सिल घासा. उठावाचं अक्षर म्हणजे ते फोर्जिंगच्या डायमध्येच होतं, ते नंतर कुणाला मारता येत नाही, म्हणून त्यावर जास्त भरवसा. खोदलेलं अक्षर नंतर पंचनेही मारता येतं.

तीन रेघांचा बाण, पक्ष्याच्या पावलासारखा, तो ब्रिटिश सरकारी मालाचा. त्याच्यासोबत डब्ल्यूडी असेल तर वॉर डिपार्टमेंट, आणि बऱ्याचदा शेजारी सरळ सालच असतं, १९४१, १९४३ असं, यापेक्षा सोपी ओळख दुसरी नाही. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर तो भारत सरकारचा माल, आणि हा आपल्या दृष्टीने जास्त मोलाचा असं माझं मत, परदेशी कलेक्टर त्याच्याकडे फार लक्ष देत नाहीत म्हणून स्वस्तातही मिळतो. बाण मोठ्या सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा.

रेल्वेचे शिक्के तर तारीख सांगणारे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) किंवा बीबीअँडसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) दिसलं तर हत्यार ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधी रेल्वेत आलेलं, कारण त्या दिवशी जीआयपीची मध्य रेल्वे झाली नि बीबीअँडसीआयची पश्चिम रेल्वे. पुणे-मिरज-लोंढा बाजूला एमअँडएसएम (मद्रास अँड सदर्न मराठा) सापडतं, ती कंपनी १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वेत गेली. पण शिक्का १९५१ आधीचा म्हणजे तो वर्कशॉपमध्ये कधी आला याची शेवटची मर्यादा, बनला कधी ते त्याहून बरंच आधीचंही असू शकतं, हे दोन वेगळे ठेवा. शिक्क्याच्या शेजारी नुसते आकडे किंवा आद्याक्षरं असतात ती बहुतेक टूलरूमची नाहीतर फिटरची स्वतःची, हत्यार हरवू नये म्हणून मारलेली. काही लोक ती घासून काढतात. कृपा करून काढू नका.

जर्मन मालावर डी.आर.जी.एम. असेल तर ते जर्मन राइशच्या काळातलं डिझाईन रजिस्ट्रेशन, १८९१ मध्ये सुरू झालेलं नि दुसऱ्या महायुद्धासोबत संपलेलं. वेस्ट जर्मनी लिहिलेलं असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. ऑक्युपाइड जपान असेल तर १९४५ ते १९५२. अमेरिकन पान्यावर पेटंट नंबर असेल तर मोठी सोय, दहा लाखावा नंबर १९११ चा, वीस लाखावा १९३५ चा आणि तीस लाखावा १९६१ चा, यावरून अंदाज बांधता येतो. पेटंटच्या तारखेनंतर हत्यार वर्षानुवर्षं बनत राहतं, म्हणून तो नंबर "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो.

पॉलिश नि धातू

अगदी जुने पाने कार्बन स्टीलचे, म्हणून जाड, ताकद धातूत कमी तेवढी जाडीत भरून काढलेली. १९२० नंतर क्रोम व्हॅनेडियमसारखं मिश्र पोलाद आलं नि पाने सडपातळ व्हायला लागले. चकाकीत पण फरक आहे, निकेलची चमक थोडी पिवळसर, ऊबदार, क्रोमची निळसर थंड. निकेल साधारण १९३० च्या आसपासपर्यंत, मग क्रोम. युद्धात निकेल-क्रोमची टंचाई म्हणून पाने काळे, नुसते ऑइल केलेले, किंवा कॅडमियमचे, ते करडे-पांढरट मंद दिसतात. कॅडमियमला वायर ब्रशचं चाक लावायचं नाही नि ॲसिडमध्ये टाकायचं नाही, विषारी आहे. दुकानात एखादा १९४२ चा पाना आरशासारखा चमकत असेल तर तो बहुधा गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून आलाय, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल झाल्यात का बघा, बफिंगमुळे तसं होतं. असा पाना कामाला चालेल, संग्रहाला नको.

आता एक पाना घेऊन बघू. समजा दोन तोंडी फिक्स पाना आहे, एका तोंडाला १/४ डब्ल्यू आणि त्याखाली ५/१६ बीएस, दुसऱ्याला ३/१६ डब्ल्यू नि १/४ बीएस. मोजलं तर मुळाशी १३.५ आणि ११.५. रंग काळपट, प्लेटिंगचा मागमूस नाही. दांड्यावर बाण नि १९४३, नाव नाही. तर मापावरून इंग्लिश पद्धत नक्की, दुहेरी आकडे नि बिनप्लेटिंगचा रंग दोन्ही युद्धकाळाशी जुळतात, आणि बाणाने ते पक्कं केलं. कंपनी कळली नाही तरी काही बिघडत नाही, हा युद्धकाळचा लष्करी गाडीचा किंवा इंजिनाचा पाना आहे एवढी ओळख पुरेशी आहे. याच पान्यावर झगझगीत क्रोम असतं किंवा साल नि बाण वाकडेतिकडे मारलेले असते तर मी ठेवून दिला असता.

आणि आता नावं

बर्मिंगहॅमचा किंग डिक, त्याचा बुलडॉग कुत्रा प्रसिद्ध आहे, छोटे स्क्रू पाने (तोंड लहान-मोठं करता येणारे) याचे छान मिळतात. गोगलगायीचं चित्र असेल तर बर्मिंगहॅमच्याच सॉल्टली भागातले थॉमस स्मिथ अँड सन्स. ब्रिटूलच्या गोट्या नि रॅचेट दणकट, अजून वापरता येतात. गॅरिंग्टन, गॉर्डन हेही दिसतात. जर्मनीत रेमशाइड हे गाव वाचायला शिका, हाझेट, एलोरा, गेडोर सगळे तिथलेच. गेडोर डोविडाट भावांनी १९१९ मध्ये सुरू केली. गेडोरचा शिक्का नि खाली मेड इन इंडिया असाही माल आपल्याकडे भरपूर आहे, आणि तो नकली नाही, भारतात सहकार्याने बनलेला आहे, दर्जाही चांगला.

स्क्रू पान्यात स्वीडनचा बाको महत्त्वाचा, योहान पेटर योहानसनने १८९२ ला पेटंट घेतलं त्या रचनेचेच आजचे बहुतेक स्क्रू पाने आहेत. अमेरिकन क्रेसेंट १९०७ ची कंपनी. पाईप पान्याची आजची रचना डॅनियल स्टिलसनची, पेटंट १८७० चं. अमेरिकन मालात आणखी एक गंमत, प्लॉम्ब नावाची कंपनी नावाच्या कोर्टकज्ज्यात अडकली नि १९४० च्या दशकाच्या शेवटी तिने प्रोटो हे नाव पूर्णपणे घेतलं, त्यामुळे नुसतं प्लॉम्ब असेल तर पाना त्याच्या आधीचा.

किटचे पाने वेगळा कप्पा आहेत. गाडीसोबत गुंडाळीत यायचे ते. माझा सगळ्यात आवडता म्हणजे फर्ग्युसन टीई२० ट्रॅक्टरचा पाना, १९४६ ते १९५६ मधल्या ट्रॅक्टरचा. त्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा असतात, नांगराचं माप लावायला नि टाकीत घालून तेल किती उरलंय ते बघायलाही तोच. हत्यार कमी, काम जास्त, असा विचार करून बनवलेली वस्तू फार थोड्या वेळा हातात येते. दिसला तर घासाघीस थोडी कमी करा.

आपल्या भारतीय मालाकडे कलेक्टर दुर्लक्ष करतात, हे मला पटत नाही. जालंधरचे सुरुवातीचे पाने, नाशिकच्या टपारियाच्या जुन्या पकडी (१९६९ पासून, स्वीडिश सहकार्याने सुरू झालेलं काम), हे आज किलोवर जातंय. अजून वीस वर्षांनी शोधायला गेलात तर मिळणार नाही. नामांकित परदेशी नावात एक अक्षर बदलून काढलेले जुने पाने पण मी बाजूला काढतो, नकली म्हणून नाही तर त्या काळाचा पुरावा म्हणून, फक्त अस्सलच्या भावाने घ्यायचे नाहीत.

घेण्याआधी तडा बघा

विशेषतः वापरणार असाल तर. तडा जवळजवळ नेहमी तोंडाच्या मुळाशी, जिथे जबडा वळतो तिथे असतो. जुन्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ॲक्सलचे तडे शोधायला जी युक्ती वापरायचे ती घरी करता येते. पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा (रॉकेल आता सहज मिळत नाही, पातळ डिझेल चालतं), काढून कोरडा खडखडीत पुसा, अगदी दोनदा पुसा, मग खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्याचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. वरून हलकेच ठोकलं की तड्यात शिरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. अशी रेघ आली तर तो पाना भिंतीवर, नटावर नाही. बाजारात हे करता येत नाही तेव्हा दोरीला टांगून दुसऱ्या पान्याने टिचकी मारा, खणखणीत वाजला तर बरं लक्षण, बद्द वाजला तर संशय.

भाव करताना एवढंच, "मामा, हा किलोवर का नगावर?" हे आधी विचारा. किलोवर असेल तर ढीग चाळा नि दहा पाने एकत्र घ्या, हवा तो एकच वेगळा काढून दाखवलात की तो लगेच नगावर जातो.

साफसफाई

जितकी कमी तितकी चांगली. डिझेलमध्ये रात्रभर, सकाळी पितळी ब्रश, साबणाचं गरम पाणी, कोरडं करून तेल. अर्ध्याहून जास्त पाने एवढ्यावरच तयार होतात. ग्राइंडरला वायरचा कप लावून "चकाचक" करायची हौस असेल तर नवीन पाने विकत घ्या.

गंज जाड असेल आणि प्लेटिंग नसेल तर लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं ते, लिटरभर पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम. तासातासाने बघत राहा, विसरून दोन दिवस ठेवलंत तर पोलाद खडबडीत करडं होतं. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, गरम पाण्याने धुवायचं नि लगेच पुसून तेल, पाच मिनिटं उशीर झाला तरी नारिंगी गंज परत चढतो. प्लेटिंग असलेल्या पान्याला ॲसिड नको, फाटलेल्या कडेतून आत शिरून निकेल-क्रोम पापुद्र्यासारखं सोलतं. संडास साफ करायचं ॲसिड तर कुठल्याच पान्याला नको, कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं.

विजेची पद्धत, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, गंजून अडकलेल्या स्क्रू पान्याला सगळ्यात उत्तम. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, निगेटिव्ह पान्याला, पॉझिटिव्ह एखाद्या साध्या लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून गॅलरीत किंवा अंगणात करा, जवळ विडी-काडी नको, तारा हलवायच्या आधी चार्जर बंद. आजकालचे स्मार्ट चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यामुळे जुना जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला शोधा, तोही जुन्या बाजारात मिळतोच.

नोंद आणि ठेवणं

साफ करायच्या आधी एक फोटो, नंतर दोन्ही बाजूंचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. वहीत तोंडाची मोजलेली मापं, लांबी, सगळे शिक्के जसे आहेत तसे, कुठे मिळाला, विकणाऱ्याने काय सांगितलं. विकणाऱ्याचं सांगणं वेगळ्या रकान्यात लिहा, कारण बाजारात प्रत्येक पाना "ब्रिटिश टाइमचा" असतो. पान्यावर नंबर खोदू नका, सुतळीने कागदी चिठ्ठी बांधा.

भिंतीवर लावायचे असतील तर मांडणी कंपनीप्रमाणे न करता मशीनप्रमाणे करून बघा, गिरणीचे एकीकडे, रेल्वेचे एकीकडे, जीपचे, बुलेटचे. बघायला येणाऱ्याला ते जास्त कळतं, आणि कुठला कप्पा रिकामा आहे हे आपल्यालाही दिसतं.

पावसाळा हा खरा शत्रू, कोकणात तर विचारूच नका. चामड्याच्या गुंडाळीत पाने ठेवू नका, चामडं ओल धरतं, गुंडाळी वेगळी ठेवा. मे महिन्याच्या शेवटी सगळे एकदा पुसून मशीन ऑइलचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात, घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि गणपतीच्या आधी एकदा पेटी उघडून पुड्या बदलायच्या. हात घामेजलेले असतील तर बोटांचे ठसे आठवड्यात गंजून उमटतात, म्हणून पाहुण्यांना पाने दाखवून झाले की परत एकदा फडकं फिरवा.